जुना कॉम्बी बॉयलर: यंत्राला सात गुण, दुरुस्तीच्या पद्धतीला तीन

परीक्षण कशाचं, ते आधी (गुण सगळे दहापैकी). भिंतीवर टांगलेला, गॅसवर चालणारा, १२ ते २० वर्षं वापरलेला कंडेन्सिंग (धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वापरणारा) कॉम्बी बॉयलर; म्हणजे रेडिएटर तापवणं आणि नळाला गरम पाणी देणं अशी दोन्ही कामं करणारा डबा. एखाद्या ठरावीक मॉडेलचं नाव घेतलेलं नाही, कारण या पिढीतल्या बॉयलरांची आतली मांडणी इतकी सारखी आहे की बिघाडही सारखेच होतात. फरक पडतो तो एखादा भाग काढायला किती स्क्रू लागतात आणि तो अजून बाजारात मिळतो का, एवढ्यातच.

यंत्र म्हणून या पिढीबद्दल मत चांगलं आहे. भाग मोजके, बहुतेक सुटे काढता येणारे, आणि मल्टिमीटर हाताशी असेल तर तासाभरात दोष सापडावा इतकी रचना सरळ. नाव खराब झालं ते दुरुस्तीच्या रिवाजामुळे. पडद्यावर कोड येतो, पुस्तकात त्या कोडसमोर एका भागाचं नाव असतं, तो भाग बदलला जातो आणि तीन आठवड्यांनी तोच कोड परत हजर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बॉयलर फक्त त्याच्या सेन्सरला काय जाणवलं ते सांगतो. तसं का झालं ते त्याला ठाऊक नसतं.

व्हायलंट कंपनीच्या इकोटेक मालिकेतल्या बॉयलरांचा एफ ७५ हा कोड याचा चांगला नमुना आहे. त्याचा अर्थ, पंप सुरू झाला पण पाण्याच्या दाबात अपेक्षित बदल दिसला नाही. लगेच दाबाचा सेन्सर बदलतात. सेन्सर खराब असूही शकतो. पण त्याचं बारीक भोक गाळाने बुजलं असेल, पंप अडकला असेल किंवा एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीतली) हवा गेली असेल, तरी हाच कोड येतो. नवा सेन्सर त्याच गाळात बसवला की तोही काही महिन्यांत आंधळा होतो.

पुढे वाचण्याआधी एक मर्यादा. दाब बघणं, रेडिएटरमधली हवा काढणं, पाइपांचं तापमान मोजणं ही कामं घरचं माणूस करू शकतं. गॅस व्हॉल्व्ह, बर्नर, धूरनळी आणि बंद ज्वलनकक्ष यांना हात लावणं परवानाधारक तंत्रज्ञाचं काम आहे. अनेक मॉडेलांत पुढचं झाकण हेच ज्वलनकक्षाच्या सीलचा भाग असतं, त्यामुळे ‘नुसतं उघडून बघतो’ हेही तिथे चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बसवावा.

दाब उतरणं

जुन्या बॉयलरबद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. यंत्रणा थंड असताना दाबमापकाचा काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार लागतो. बॉयलरपेक्षा सर्वांत वरचा रेडिएटर ५ मीटर उंच असेल तर अर्धा बार नुसत्या उंचीत जातो. म्हणून ०.५ वर काटा असताना वरचे रेडिएटर गुरगुरतात. यात रेडिएटरचा काही दोष नसतो.

दाब कसा उतरतो हे नीट पाहिलं तर निम्मं निदान होऊन जातं. थंड असताना १.२, तापल्यावर थेट ३ कडे धाव, पुन्हा थंड झाल्यावर ०.३, असा झोका दिसला तर एक्स्पान्शन टाकीतली हवा गेली आहे. १० अंशांचं पाणी ७० अंशांवर नेलं की आकारमान सुमारे २.२ टक्के वाढतं. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर २ लिटरहून थोडं जास्त पाणी कुठेतरी सामावलं पाहिजे. ८ लिटरच्या टाकीत रबरी पडद्यामागे हवा असेल तर ती दबते आणि जागा करून देते. हवाच नसेल तर दाब ३ बारला पोचतो, सुरक्षा झडप उघडते आणि ते दोन लिटर भिंतीबाहेरच्या नळीतून निघून जातात. थंड झाल्यावर तेवढंच पाणी कमी पडतं.

टाकीच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबून पाहावी. हवा आली तर पडदा बहुधा शाबूत आहे, पाणी आलं तर पडदा फाटला आहे आणि टाकी बदलण्याला पर्याय नाही. हवा भरायची असेल तर क्रम महत्त्वाचा. बॉयलर बंद आणि थंड करायचा, फ्लो आणि रिटर्न (रेडिएटरकडे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या) या दोन्ही झडपा बंद करायच्या, निचऱ्याची तोटी उघडून आतल्या पाण्याचा दाब शून्यावर आणायचा आणि तोटी उघडीच ठेवून सायकलच्या पंपाने हवा भरायची. बहुतेक उत्पादक ०.७५ ते १ बार सांगतात. तोटीतून पाणी येणं थांबलं आणि मीटरवरचा आकडा स्थिर राहिला की तोटी बंद करायची, झडपा उघडायच्या आणि यंत्रणा १.२ बारपर्यंत भरायची. सर्रास होणारी चूक म्हणजे पाण्याचा दाब शून्यावर न आणताच हवेचा दाब मोजणं. तेव्हा मीटर टाकीतल्या हवेची मूळ भरती दाखवत नाही, तो यंत्रणेतल्या पाण्याचाच दाब दाखवतो. ‘टाकी ठीक आहे, १.२ आहे’ असा शेरा मारून गेलेल्या मेकॅनिकने बहुधा हेच केलेलं असतं.

वर्षातून एकदा थोडी हवा भरावी लागणं हे रबराच्या स्वभावातच आहे. दोन महिन्यांत पुन्हा भरावी लागली तर आधी व्हॉल्व्हची आतली पिन बदलावी, मग पडद्याचा संशय घ्यावा. काही मॉडेलांत ही टाकी बॉयलरच्या पाठीमागे असते आणि ती काढायला अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो. तिथे जुनी टाकी तशीच सोडून रिटर्न पाइपवर बाहेरून १२ लिटरची वेगळी टाकी बसवणं हा पूर्णपणे मान्य उपाय आहे. बॉयलर उतरवायचाच म्हणणाऱ्याला कारण विचारावं.

टाकीसोबत सुरक्षा झडपही तपासायची. ती एकदा उघडली की गाळाचा कण तिच्या बैठकीवर अडकतो आणि मग ती थेंब थेंब गळत राहते. टाकी दुरुस्त केली पण झडप तीच ठेवली, म्हणून दाब पुन्हा उतरला, हा प्रकार फार होतो. बाहेरच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैल बांधून रात्रभर ठेवली की उत्तर मिळतं. नळीला बूच मारणं मात्र जिवावरचं काम आहे, ते कधीही करू नये.

तापण्या-निवण्याशी संबंध नसताना दाब हळूहळू उतरत असेल तर गळती कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं. यंत्रणा १.५ बारपर्यंत भरून, बॉयलर बंद करून, खालच्या फ्लो व रिटर्नच्या झडपा रात्रभर बंद ठेवायच्या. सकाळी बॉयलरचा काटा उतरलेला असेल तर गळती बॉयलरच्या आत. काटा जागच्या जागी असेल आणि झडपा उघडताच खाली आला तर गळती पाइपांत किंवा रेडिएटरांत.

बॉयलरच्या आत गळती आहे पण थेंब कुठेच दिसत नाही, तेव्हा कंडेन्सेटच्या (धुरातली वाफ निवून झालेल्या पाण्याच्या) नळीकडे जायचं. बॉयलर तासभर बंद असताना त्या नळीतून पाणी टपकायला नको. टपकत असेल तर मुख्य हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या भागाला) भोक पडलं आहे आणि यंत्रणेचं पाणी थेट निचऱ्यात जात आहे. या एका तपासणीला पाच मिनिटं लागतात, तरी ती शेवटी केली जाते. तोवर दोन-तीन भाग बदलून झालेले असतात.

उलटा प्रकारही असतो, दाब आपोआप चढत जाणं. भरण्याची जोडनळी काढून टाकली आणि तरी काटा चढला, तर प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (बॉयलरच्या पाण्याने नळाचं पाणी तापवणाऱ्या भागातून) नळाचं पाणी आत झिरपत आहे. जोडनळी काढल्यावर चढणं थांबलं तर भरण्याची झडप पूर्ण बंद होत नव्हती.

गाळ

दाबाची तक्रार ‘आठवड्याला थोडं पाणी भरतो, काम भागतं’ म्हणून सोडून देणाऱ्यांना इथे बिल येतं. बंद यंत्रणेतल्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत संपतो आणि गंज जवळपास थांबतो. प्रत्येक वेळी ताजं पाणी भरलं की ताजा ऑक्सिजन आत जातो. रेडिएटरचं पोलाद झिजतं आणि मॅग्नेटाइटचा काळा, चुंबकाला चिकटणारा गाळ तयार होतो. वर्षातून एक-दोनदापेक्षा जास्त पाणी भरावं लागत असेल तर ती गळतीच समजावी.

रेडिएटर वरून थंड असेल तर हवा, तळाशी मधोमध थंड असेल तर गाळ. बॉयलरमधून किटली उकळल्यासारखा आवाज येत असेल तर एक्स्चेंजरमध्ये गाळ किंवा क्षार साचून पाणी तिथल्या तिथे उकळत आहे, किंवा प्रवाहच कमी पडला आहे. असा बॉयलर अतितापामुळे बंद पडतो आणि तापमानाचे सेन्सर बदलले जातात. सेन्सर तपासणं सोपं आहे. बऱ्याच बॉयलरांत, सगळ्यांत नाही, २५ अंशांना १० किलोओहम रोध देणारे सेन्सर असतात. ५० अंशांना तो साधारण ३.६ आणि ८० अंशांना सव्वा किलोओहमच्या आसपास यायला हवा. आकडे जुळत असतील तर सेन्सर खरं बोलतोय, पाणी खरोखरच तापतंय.

जुने पंप उन्हाळाभर बंद राहिले की अडकतात. ज्यांच्या मधोमध मोठा स्क्रू आहे त्यांत तो काढून आतला दांडा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येतो. थोडं पाणी येतं, खाली कापड धरावं. इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवे, कमी वीज खाणारे पंप कायम चुंबकाच्या रोटरवर चालतात. चुंबकाला मॅग्नेटाइट प्रिय. घाण पाण्यात जुना पंप रडतखडत दहा वर्षं चालला आणि नवा महागडा दोन वर्षांत अडकला, तर नव्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

साफ करायचं असेल तर आधी रसायन घालून बॉयलर काही दिवस नेहमीसारखा चालवणं आणि मग धुणं, हा क्रम नुसत्या जोरदार धुण्यापेक्षा चांगला काम देतो. धुणं पुरेसं झालं का याचं माप ‘पाणी स्वच्छ दिसतंय’ हे धरू नये. बाहेर येणाऱ्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) आणि नळाच्या पाण्याचं टीडीएस यांतला फरक १० टक्क्यांच्या आत आला पाहिजे. मग गंजरोधक रसायन. मात्रा बाटलीवर असते, अनेकांची ती १०० लिटरला १ लिटरच्या घरात जाते. एक्स्चेंजर अॅल्युमिनियमचा असेल तर रसायन त्याला चालणारं आहे ना हे लेबलवर वाचूनच घालावं; स्टेनलेस स्टीलला चालणारी काही रसायनं अॅल्युमिनियम खातात.

नळाचं गरम पाणी

तक्रार नोंदवण्याआधी एक हिशेब. २४ किलोवॅटचा बॉयलर मिनिटाला साधारण ९.८ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवू शकतो. बादली आणि घड्याळ घेऊन मोजावं. नळातून १४ लिटर येत असेल आणि पाणी कोमट असेल तर बॉयलर बिघडलेला नाही, नळ जास्त उघडलाय.

खरा बिघाड दोन रूपांत दिसतो. पाणी आधी कढत, मग थंड, पुन्हा कढत, असं हेलकावत असेल तर प्लेट एक्स्चेंजर बुजला आहे. उष्णता पाण्यात उतरत नाही, बॉयलर स्वतःच तापून बर्नर बंद करतो, निवला की पुन्हा पेटतो. दुसरं रूप म्हणजे गरम नळ चालू असताना रेडिएटर तापणं. हा डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (बॉयलरचं पाणी रेडिएटरकडे की प्लेट एक्स्चेंजरकडे वळवणाऱ्या झडपेचा) दोष. थंड बॉयलरवर, हीटिंग बंद ठेवून गरम नळ दोन मिनिटं सोडायचा आणि रेडिएटरकडे जाणारा फ्लो पाइप बॉयलरपासून हातभर अंतरावर चाचपायचा. तो थंड राहिला पाहिजे. बॉयलरला लागून असलेला तुकडा धातूतूनच तापतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

प्लेट एक्स्चेंजर बहुतेक मॉडेलांत दोन स्क्रूंवर असतो. काढल्यावर कुठल्या बाजूने काय पडतं ते बघावं. नळाच्या बाजूने पांढरा क्षार असेल तर सल्फॅमिक किंवा सायट्रिक आम्लात बुडवून तो सुटतो. हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलला कधीच लावू नये. बॉयलरच्या बाजूने काळा चिखल असेल तर धुण्यात वेळ घालवू नये, नवाच टाकावा, कारण त्या बारीक खाचांतला चिखल पूर्ण निघत नाही. आणि यंत्रणा साफ न करता नवाही टाकू नये. ओ-रिंग दर वेळी नव्या घ्याव्यात आणि सिलिकॉन ग्रीसच लावावं. पेट्रोलियमच्या ग्रीसने ईपीडीएम रबर फुगतं आणि महिन्याभरात जोड गळायला लागतो.

पाणी सोडलं तरी बॉयलर पेटतच नाही, अशा वेळी थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी आणि प्रवाह मोजणारी छोटी चक्री आधी पाहावी. वाळूचा एक कण पुरतो.

पेटतो आणि विझतो

ठिणगी येते, ज्योत दिसते, काही सेकंदांत विझते, तीन-चार प्रयत्नांनंतर लॉकआउट, म्हणजे बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. व्हायलंटमध्ये एफ २८, वूस्टर बॉशमध्ये ईए, बॅक्सीमध्ये ई १३३, असे कोड या कुटुंबातले. बॉयलर ज्योत ओळखतो ती ज्योतीतून वाहणाऱ्या काही मायक्रोअँपिअर विजेवरून. त्यामुळे गॅस ठीक, ठिणगी ठीक आणि तरीही लॉकआउट हे शक्य आहे. इलेक्ट्रोडच्या टोकावर ऑक्साइडचा थर, चिनी मातीच्या कवचाला केसाएवढी चीर, सैल झालेलं अर्थिंग, यांपैकी काहीही ती वीज अडवतं. इलेक्ट्रोडमधलं अंतर बहुधा ३ ते ४ मिलीमीटर असतं, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकातून घ्यावा. अर्थिंग तपासायला काही लागत नाही, तरी ते सर्वांत शेवटी आठवतं.

फक्त थंडीच्या दिवसांत किंवा पहाटेच लॉकआउट होत असेल तर गॅसवर शंका घेण्याआधी कंडेन्सेटची नळी बघावी. बॉयलर जोरात चालताना तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज तयार होतं. भिंतीबाहेरची नळी बारीक असेल तर ते गोठतं, मागे साचतं, बॉयलरच्या पोटात गुडगुड ऐकू येते आणि शेवटी बर्नर किंवा इलेक्ट्रोड ओला होतो. कोमट पाण्याने नळी सुटते. उकळतं ओतू नये, प्लास्टिक तडकतं. कायमचा इलाज म्हणजे बाहेरचा भाग शक्य तितका आखूड, आतून किमान ३० मिलीमीटर, दर मीटरला ४५ ते ५० मिलीमीटर उतार आणि वर जलरोधक लपेटण. हे पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून तांब्याची नळी इथे चालत नाही.

कंडेन्सेटचा सायफन (पाणी धरून धूर अडवणारा सापळा) दरवर्षी काढून धुवायचा असतो. परत बसवताना तो पाण्याने भरूनच बसवायचा. रिकामा राहिला तर धुराचे वायू त्या वाटेने खोलीत येऊ शकतात. वार्षिक सर्व्हिस खरोखर झाली की नुसती सही झाली, हे ओळखायला हा चांगला प्रश्न आहे: सायफन काढला होता का? दुसरा प्रश्न, धुराचं मापन लिहून दिलं का. नैसर्गिक वायूवर कार्बन डायऑक्साइड साधारण ८.५ ते ९.५ टक्के असतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचं त्याच्याशी गुणोत्तर ०.००४ च्या वर जाता कामा नये. बर्नरचं दार उघडलं असेल तर बऱ्याच मॉडेलांत त्याचं सील नवं घालणं सक्तीचं आहे, जुनं कितीही धड दिसलं तरी.

सर्किट बोर्डबद्दल थोडक्यात. विनाकारण सर्वाधिक बदलला जाणारा भाग हाच. बोर्ड खरंच जातात. रिले झिजतात, कपॅसिटर फुगतात, झाळलेले जोड सुटतात. पण बोर्ड जळालेला सापडला तर वर मान करून बघावं. त्याच्यावरच्या आपोआप हवा सोडणाऱ्या झडपेतून पाणी टपकत असतं आणि नवा बोर्डही त्याच धारेखाली जातो.

सारखा चालू-बंद होणारा बॉयलर

याला कोड नसतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण पंखा, इलेक्ट्रोड, गॅस व्हॉल्व्ह आणि रिले वेळेआधी झिजतात ते यानेच. कॉम्बीची ताकद नळाच्या पाण्यासाठी निवडलेली असते. २४ किलोवॅटचा जुना बॉयलर खाली ८ किलोवॅटपर्यंतच मंद होऊ शकतो आणि सौम्य थंडीत घराला ३-४ किलोवॅटच लागतात. मग तो पेटतो, दोन मिनिटांत पाणी तापवतो, विझतो. तासाला १० वेळा, दिवसाला १६ तास, १८० दिवस: एका हंगामात २८,८०० वेळा पेटणं. तासाला ३ वर आणलं तर तोच आकडा ८,६४० होतो.

उपाय सेटिंगमध्ये आहेत, भाग लागत नाही. हीटिंगची कमाल ताकद घराच्या गरजेइतकी खाली आणावी, दोन ज्वलनांमधला किमान विराम वाढवावा आणि फ्लोचं तापमान ७५-८० वरून ५५-६० अंशांवर आणावं. दोन्ही पाइपांना थर्मामीटर बांधून जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात २० अंशांच्या आसपास फरक येईल असे रेडिएटर जुळवावेत. परतीचं पाणी ५५ अंशांखाली आल्याशिवाय कंडेन्सिंग बॉयलर कंडेन्स करतच नाही. ८० वर चालवला तर जास्तीची कार्यक्षमता फक्त लेबलवर राहते. फक्त कडाक्याच्या थंडीत खोल्या तापत नसतील तर तापमान थोडं वर न्यावं. सगळ्या रेडिएटरांना थर्मोस्टॅटची झडप असेल तर बायपास (पाण्याला परतीची पर्यायी वाट) चालू आहे ना तेही बघावं, नाहीतर सगळ्या झडपा मिटल्या की पंप भिंतीवर डोकं आपटत राहतो.

इलाज म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू

रिटर्नवर बॉयलरच्या आधी बसवलेला चुंबकीय फिल्टर: नऊ गुण. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी उघडून साफ करायला हवा. साफ न केलेला फिल्टर म्हणजे पाइपमधला अडथळा.

पाण्यात ओतायचं गळतीरोधक द्रव: तीन गुण. जमिनीखालच्या पाइपचा बारीक पाझर त्याने कधी कधी बंद होतो. सुरक्षा झडप, फाटलेला पडदा आणि भोक पडलेला एक्स्चेंजर यांवर त्याचा काही उपयोग नाही, उलट हवा सोडणारी झडप आणि सेन्सरची भोकं तेच चिकटवून ठेवतं. निदान न करता ओतू नये.

क्षार कमी करणारा फिल्टर थंड पाण्याच्या तोंडाशी, जिथे पाणी जड आहे तिथे: सात. दुरुस्त केलेला जुना बोर्ड: सहा, हमी असेल तरच. दुरुस्त केलेला गॅस व्हॉल्व्ह: शून्य.

ठरावीक वर्गणीची दुरुस्ती योजना घ्यायची तर करारात तीन ओळी शोधाव्यात: गाळ आणि क्षारामुळे झालेलं नुकसान वगळलंय का, सुटा भाग मिळत नसेल तर काय, आणि एकाच दोषासाठी किती भेटी. जुन्या बॉयलरचे निम्मे दोष पहिल्या वगळणुकीतच बसतात.

कुठे थांबायचं

पंप, डायव्हर्टर, प्लेट, टाकी, पंखा, यांपैकी एखादा भाग गेला आणि तो मिळतो, तर दुरुस्ती करावी. मुख्य एक्स्चेंजर फुटला, किंवा धुराचं गुणोत्तर सफाई आणि समायोजनानंतरही मर्यादेत येत नाही, तर थांबावं. गॅस व्हॉल्व्हचा पुरवठाच बंद झालेल्या मॉडेलवर दुसरा कुठलाही महाग भाग घालू नये.

काढायचं ठरलं तर जुन्याकडून एक आकडा घेऊन मगच त्याला उतरवावं. हंगामातल्या सर्वांत थंड दिवशी २४ तासांच्या अंतराने गॅस मीटरची दोन वाचनं घ्यावीत, त्या दिवशी स्वयंपाक आणि आंघोळीचा गॅस शक्य तेवढा वजा धरावा. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये साधारण १०.५ ते ११ किलोवॅट-तास उष्णता असते. १४ घनमीटर लागले तर सुमारे १५० किलोवॅट-तास, बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घरात उतरले १२७, भागिले २४ म्हणजे सव्वापाच किलोवॅट. नव्या बॉयलरच्या माहितीपत्रकात ‘३० किलोवॅट’ मोठ्या अक्षरात असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात हीटिंगची किमान क्षमता दिलेली असते, आणि या घरासाठी ती ३ च्या आत हवी.